कोथरूडमधला जुना फ्लॅट विकायला लागलेले २२९ दिवस: एका दलाली सेवेचे परीक्षण

वडिलांनी १९९२ साली घेतलेला कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही १० जून २०२३ रोजी विक्रीला काढला आणि २५ जानेवारी २०२४ रोजी त्याच्या किल्ल्या नव्या मालकांच्या हाती दिल्या. मधले दिवस मोजले, तर ते २२९ भरतात. ज्या दलाली संस्थेमार्फत हा व्यवहार झाला तिच्या माहितीपत्रकावर ‘सरासरी ४५ दिवसांत विक्री’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि ते वाचूनच आम्ही तिच्याकडे गेलो होतो. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण त्या काळात आणखी दोन-तीन दलालांशी माझे बोलणे झाले आणि दिवस मोजण्याची त्यांची रीतही थोड्याफार फरकाने हीच होती. मला लिहायचे आहे ते त्या रीतीबद्दल, या संस्थेच्या चांगल्या कामाबद्दल आणि आमचे महिने नेमके कुठे गेले याबद्दल.

घर तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होते. लिफ्ट नाही, एकूण बारा बिऱ्हाडे, चटईक्षेत्र ६४० चौरस फूट, दोन्ही बाजूंनी वारा. वडील २०२२ मध्ये गेले आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई माझ्याकडे नाशिकला राहायला आली, त्यामुळे घर कुलूपबंद होते आणि दर वेळी ते दाखवायला पुण्यात येणे मला शक्य नव्हते. संस्थेने एक टक्का दलाली आणि त्यावर १८ टक्के जीएसटी अशी अट सांगितली. सहा महिने घर दुसऱ्या कुणाकडे द्यायचे नाही हेही लिहून घेतले. आम्ही मान्य केले.

आधी चांगल्या बाजूबद्दल, कारण ती खरोखर चांगली होती. घर दाखवण्यासाठी संस्थेने नेमलेला तरुण दर वेळी ठरलेल्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटे आधी पोचत असे, सगळ्या खिडक्या उघडत असे आणि बंद घराचा कोंदट वास निघून गेल्यावरच पाहुण्यांना वर घेऊन येत असे. एकदा मी न कळवता गेले, तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसत होता. आलेल्या प्रत्येक कुटुंबाची नोंद तो एका वहीत ठेवत असे: तारीख, किती जण आले, काय विचारले, काय आवडले नाही. दर रविवारी संध्याकाळी त्या वहीच्या पानाचा फोटो मला येत असे. माझ्या मते या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग तो फोटोच होता, कारण घर का विकले जात नाही याचे उत्तर त्या पानांवर पहिल्या महिन्यातच लिहिलेले होते. ते वाचायला आम्हीच उशीर केला.

संस्थेने भाव ठरवला ९८ लाख. ‘ताई, वर-खाली करायला जागा ठेवावी लागते,’ असे संस्थेच्या मालकांचे म्हणणे होते आणि आईलाही तो आकडा ऐकून बरे वाटले, हे मी नाकारत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत चौदा कुटुंबे घर पाहून गेली. वहीत प्रत्येकासमोर ‘घर आवडले’, ‘विचार करून कळवतो’, ‘लिफ्ट नाही’ अशा नोंदी होत्या, पण एकाही कुटुंबाने घासाघीस केली नव्हती. ज्याला घर घ्यायचे असते तो घासाघीस करतो. घर आवडूनही जो भावाबद्दल अवाक्षर काढत नाही त्याच्या हिशेबात तो आकडा बसतच नाही, हे मला नंतर उमगले. मालकांनी ते आम्हाला जुलैच्या पहिल्या आठवड्यात सांगायला हवे होते, कारण त्यांचा धंदाच तो आहे. ते ‘अजून गिऱ्हाईक येईल’ एवढेच म्हणत राहिले.

त्यातच १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक श्रावण आला. अधिक महिन्यात घराचा व्यवहार न करणारी कुटुंबे पुण्यात आजही पुष्कळ आहेत, आणि त्या महिनाभरात आमच्याकडे फक्त दोन कुटुंबे आली. पावसाने आणखी एक काम केले. मागच्या बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, ताटाएवढा ओलाव्याचा डाग उमटला आणि रंगाचे पापुद्रे सुटून खाली कपाटावर पडू लागले. वहीत ऑगस्टमधल्या चारही नोंदींत ‘गळती?’ असा शब्द आहे. खरे तर ती गळती नव्हती, बाहेरच्या गिलाव्याला गेलेली एक चीर होती आणि ती भरून घ्यायला आम्हाला अकरा हजार रुपये आणि दोन कोरडे दिवस लागले. जुने घर विकायचे असेल, तर बाहेरच्या भिंती मे महिन्यात पाहून घ्याव्यात. पावसाळ्यात त्या स्वतःच बोलू लागतात आणि मग कुणी आपले ऐकत नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी जे केले ते जूनमध्येच करायला हवे होते. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या दस्तांचा मोफत शोध घेता येतो. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा क्रमांक भरला, की त्या क्रमांकावर झालेल्या दस्तांची यादी आणि प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात ती, समोर येते. तिच्यात मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ आणि दस्त नोंदल्याची तारीख हे सगळे असते. ‘मोबदला’ म्हणजे घेणाऱ्याने देणाऱ्याला देऊ केलेली रक्कम आणि ‘बाजारभाव’ म्हणजे सरकारच्या वार्षिक दरतक्त्यानुसार, रेडी रेकनरप्रमाणे निघालेले मूल्य. या दोन रकान्यांत गल्लत करू नये, कारण रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी असतो आणि घराचा मजला, गेलेला रंग किंवा शेजारच्या इमारतीने अडवलेला उजेड त्यात उतरेलच असे नसते. आमचा सर्व्हे क्रमांक आणि त्याला लागून असलेले दोन सर्व्हे क्रमांक घालून मी दोन संध्याकाळी बसले, तेव्हा मागच्या वर्षभरातले चार दस्त आमच्या घराशी तुलना करण्याजोगे निघाले. त्यांतला मोबदला ८१ ते ८६ लाखांच्या दरम्यान होता. दस्तात दिसणारी रक्कम हाच संपूर्ण व्यवहार असतो असे कुणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण चारपैकी तीन घरांवर बँकेचे कर्ज घेतलेले होते आणि ज्याला कर्ज जास्तीत जास्त हवे असते त्याला दस्तातली रक्कम कमी दाखवून चालत नाही. तेव्हा ९८ लाखांचा आकडा बाजारातून आलेला नव्हता, तो आमच्या अपेक्षेतून आला होता.

ही माहिती कुणालाही मोफत मिळते आणि ती शोधायला दलाली मोजणारी माणसे आम्ही नेमलेली होती. पहिल्या भेटीतच असे चार कागद छापून आमच्यापुढे ठेवणे ही मी या सेवेकडून किमान अपेक्षा धरते, आणि या एका बाबतीत ती पूर्णपणे कमी पडली.

१२ सप्टेंबरला आम्ही भाव ८८ लाखांवर आणला. संस्थेने जुनी जाहिरात काढून टाकून नव्या छायाचित्रांसह नवी जाहिरात टाकली. ही तारीख लक्षात ठेवावी, तिच्याकडे मला परत यायचे आहे. १९ तारखेला गणपती बसले, ते उठेपर्यंत पुण्यात घर पाहायला कोण निघणार, आणि त्यामागोमाग पितृपक्ष लागला. तरीही त्या चार आठवड्यांत तिघांनी फोनवर भाव विचारला आणि तिघांनीही घासाघीस केली. पितृपक्ष १४ ऑक्टोबरला संपला आणि नवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी एक तरुण जोडपे आले. वनाजच्या मेट्रो स्थानकापर्यंत चालत जायला किती वेळ लागतो, हे त्यांनी घड्याळ लावून पाहिले. गुरुवारी ते दोघांच्याही आई-वडिलांना घेऊन आले. मुलीच्या आईने स्वयंपाकघरात उभे राहून नळ सोडला आणि ‘पाणी दोन वेळा येते ना?’ एवढेच विचारले. त्या वेळी मी तिथे होते आणि व्यवहार होणार हे मला तेव्हाच कळले. ८५ लाख ५० हजारांवर पक्के झाले आणि दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला, ५१ हजारांचा इसार मिळाला. घर विक्रीला काढल्यापासूनचा तो १३६ वा दिवस होता.

इसारानंतर करारनामा नोंदवायला लागलेले ५७ दिवस हा या अनुभवाचा दुसरा धडा आहे आणि त्याबद्दल जाहिरातींत कुठेच काही लिहिलेले नसते. घेणाऱ्यांना कर्ज हवे होते. त्यांच्या बँकेच्या वकिलाने मागितलेली यादी अशी होती: १९९२ च्या करारनाम्याची मूळ प्रत आणि त्याची नोंदणीची मूळ पावती, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेली परवानगी), सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), सोसायटीचे पत्र, मिळकतकराची पावती, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद. करारनामा होता, पण त्याची पावती सापडत नव्हती. शेवटी ती वडिलांच्या जुन्या पासबुकांच्या पिशवीत, एका पोस्टकार्डाला टाचणीने लावलेली मिळाली. भोगवटा प्रमाणपत्राची सोसायटीकडे एक पुसट झेरॉक्स होती आणि वकिलांना प्रमाणित प्रत हवी होती. ती मिळवायला पाच आठवडे गेले. यात कुणाचा दोष काढण्यासारखे काही नाही, तीस वर्षांपूर्वीचा कागद शोधायला तेवढा वेळ लागणारच. पण हाच अर्ज आम्ही जूनमध्ये केला असता, तर अधिक महिन्याच्या रिकाम्या दिवसांत तो कागद हाती येऊन पडला असता. घर बाजारात असताना जो काळ वाट पाहण्यात जातो, तोच कागद गोळा करण्याचा काळ असतो, हे दलालाने पहिल्या दिवशी सांगायला हवे. आमच्या संस्थेने कागदांची यादी दिली ती इसार झाल्यावर.

एक गोष्ट मात्र आम्ही वेळेवर केली होती. माझा भाऊ अमेरिकेत असतो. तो मे महिन्यात आला होता, तेव्हा त्याने आईच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले आणि ते नोंदवूनही टाकले. विक्रेता भारतात राहणारा असेल, तर ५० लाख किंवा त्याहून अधिक मोबदल्यावर घेणाऱ्याला एक टक्का कर कापून भरावा लागतो. आमच्या व्यवहारात ते ८५ हजार ५०० रुपये झाले आणि आई व मी दोघींच्या नावाने वेगवेगळा फॉर्म २६ क्यूबी भरला गेला. विक्रेत्यांत एक जण जरी अनिवासी असला, तरी त्याच्या हिश्श्यापुरते वेगळे कलम लागते, कापायच्या कराचा दर कितीतरी मोठा असतो आणि तो कमी करून घ्यायचा तर आयकर खात्याचा दाखला आणावा लागतो. कर्जाच्या मंजुरीची मुदत चालू असताना घेणारा एवढा थांबत नाही. परदेशात मुले असलेल्या ज्या घरांत आई-वडिलांचे पुण्यातले घर विकायचा विचार चालू असेल, त्यांनी भावंडांच्या सुट्टीचे दिवस आधी पाहावेत आणि मग जाहिरात द्यावी. वडिलांनी सोसायटीत आईचे नामनिर्देशन केलेले होते, पण नामनिर्देशनाने मालकी येत नाही, वारसांचे हक्क तसेच राहतात, आणि बँकेचा वकील पहिला प्रश्न नेमका तोच विचारतो.

सोसायटीने हस्तांतरणाचे २५ हजार रुपये घेतले, जी सहकार खात्याने घातलेली कमाल मर्यादा आहे, आणि पत्र दोन दिवसांत दिले. घेणाऱ्यांवरचा बोजा मोठा होता: पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि अधिभार मिळून सात टक्के, म्हणजे जवळपास सहा लाख, आणि वर नोंदणी शुल्क ३० हजार. केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास २०२१ पासून एक टक्क्याची सवलत आहे. ती घ्यावी की दोघांच्या नावे करावे यावर त्यांचा आठवडा गेला आणि शेवटी त्यांनी दोघांचीही नावे घातली. २० डिसेंबरला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आईच्या अंगठ्याचा ठसा यंत्राला चौथ्या प्रयत्नात पटला. कर्जाचा धनादेश, ताब्याचे पत्र आणि किल्ल्या यांना पुढचे ३६ दिवस लागले.

आता त्या १२ सप्टेंबरकडे येते. दलालीचा धनादेश द्यायला मी फेब्रुवारीत संस्थेच्या कार्यालयात गेले, तेव्हा भिंतीवरच्या फलकावर ‘कोथरूड, २ बीएचके, ४२ दिवसांत विक्री’ अशी ओळ होती. ते घर आमचे होते. १२ सप्टेंबर ते २४ ऑक्टोबर हे दिवस ४२ भरतात, म्हणजे आधीचे ९४ दिवस जाहिरात नवी टाकल्यामुळे पुसले गेले होते आणि इसारानंतरचे ९३ दिवस मोजलेच नव्हते. मी मालकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘ताई, भाव बदलला की ते नवे घरच समजतात, आणि इसार झाला की आमचे काम झाले, पुढचे बँकेचे.’ त्यांच्या स्वरात लपवाछपवी नव्हती, त्यांना ते खरोखर तसेच वाटत होते. मला ते पटले नाही आणि मी ते त्यांना तिथेच सांगितले. विकणाऱ्याचे दिवस पहिल्या जाहिरातीपासून सुरू होतात आणि पैसे खात्यात जमा झाल्यावर संपतात. मधल्या काळात त्याला देखभालखर्च भरावा लागतो, त्याचे दुसरे घर अडलेले असू शकते आणि भांडवली नफ्याची सवलत हवी असेल, तर नवे घर घेण्याची दोन वर्षांची मुदतही त्याला पाहावी लागते. चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या भरवशावर कुणी दुसऱ्या घराचा इसार देऊन बसला, तर त्याची केवढी ओढाताण होईल, याचा विचार त्या फलकामागे नाही.

हे सहज शक्य होते, कारण आपल्याकडे जुनी घरे विक्रीला कधी आली याची कुठलीही सामाईक नोंद नाही. जाहिरातींच्या संकेतस्थळांवर तेच घर चार दलालांच्या नावाने चार वेळा दिसते आणि जाहिरात पुन्हा टाकली, की तिच्यावर आजची तारीख येते. महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, चौकट १ मे २०१७ पासून आहे आणि तिच्यामुळे नव्या प्रकल्पांच्या जाहिरातींना शिस्त लागली, परंतु १९९२ साली पूर्ण झालेल्या इमारतीतल्या फ्लॅटची जाहिरात तिच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे एखादे घर बाजारात पहिल्यांदा कधी आले, हे फक्त विकणाऱ्याला आणि त्याच्या दलालाला माहीत असते. नोंदलेल्या दस्ताची तारीख सार्वजनिक आहे. तिच्या आधीचा सगळा काळ खासगी आहे, आणि भाव ठरवताना सर्वांत उपयोगी पडली असती ती माहिती नेमकी तीच आहे.

दलाली ८५ हजार ५०० रुपये आणि जीएसटी १५ हजार ३९० रुपये, मिळून १ लाख ८९० रुपये झाली. घर दाखवणे, नोंदी ठेवणे, किल्ल्या सांभाळणे आणि नोंदणीच्या दिवशी आईसाठी खुर्चीपासून पाण्यापर्यंत सगळे पाहणे, या कामासाठी मला ही रक्कम जास्त वाटत नाही. भाव सांगण्याच्या आणि कागद आधी तयार करून घेण्याच्या कामात मात्र आमचे निदान शंभर दिवस वाया गेले, असा माझा हिशेब आहे, आणि त्यासाठी या सेवेला मी पाचपैकी तीनच गुण देते.

आमच्याच इमारतीतले पहिल्या मजल्यावरचे काका आता मुलीकडे हैदराबादला जायचे म्हणतात आणि त्यांनी मला विचारले तेव्हा मी हीच संस्था सुचवली. सोबत तीन गोष्टी सांगितल्या: घर दाखवायला तोच तरुण हवा म्हणून आग्रह धरावा, भाव ठरवण्याआधी वर्षभरातल्या दस्तांच्या सूची त्यांच्याकडून मागून घ्याव्यात, आणि करारपत्रात पहिल्या जाहिरातीची तारीख लिहून घ्यावी. भोगवटा प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत आमच्या व्यवहारामुळे सोसायटीच्या कपाटात आता आहे, त्यामुळे ते पाच आठवडे त्यांना लागणार नाहीत.